नर-मादी सारखेच

५ फेब्रुवारी, बुधवार

आज संग्रहालयात पाकोळीने मला चहा आणून दिला, तेव्हाच शंका यायला हवी होती. इतकी वर्षं माझ्या हाताखाली काम केलं, पण चहा कधी आणला नाही. उलट माझाच पिऊन जायची. तिचं हे नाव मीच ठेवलंय. जिन्यावरून ती अशी भिरभिरत उतरते, की समोरच्याने भिंतीला चिकटून उभं राहावं. मी निवृत्त झाल्यापासून पक्षी विभाग तीच सांभाळते आणि मी आठवड्यातून तीन दिवस जाऊन तिच्या कामात लुडबुड करतो. संग्रहालय याला 'मानद सल्लागार' म्हणतं.

तिने मोठ्या टेबलावर पांढरा कागद पसरला, कपाटातून ट्रे काढले आणि कापूस भरलेले पक्षी पाठीवर झोपवून दोन रांगा मांडल्या. डावीकडे निळा माशीमार. सगळे नर, सगळे जुने, डोंगराच्या पलीकडच्या उतारावर कुणी कुणी कधी काळी मारलेले. उजवीकडे माझा तपकिरी माशीमार. त्यातल्या एकाच्या पायाला लाल चिठ्ठी आहे. लाल चिठ्ठी म्हणजे मूळ नमुना. या नावाचा पक्षी नेमका कोणता, असा उद्या जगात कुठेही वाद झाला तर त्या मुठीएवढ्या कातडीकडे बोट दाखवायचं. नाव मी दिलेलं. आयुष्यात एकाच पक्ष्याला नाव द्यायची संधी मिळाली, आणि मी हिचं, म्हणजे माझ्या बायकोचं दिलं.

"सर, बसा ना," पाकोळी म्हणाली.

मी बसलेलोच होतो.

"डीएनएचे निकाल आलेत. मी दुसऱ्या प्रयोगशाळेतूनही करून घेतले." मग ती रांगांकडे बघत बोलली, माझ्याकडे नाही. "ह्या दोन जाती नाहीत, सर. एकच आहे. निळे सगळे नर आहेत आणि तुमचे तपकिरी, त्या सगळ्या माद्या आहेत. एखादं पिल्लू."

मी म्हणालो, "चहात साखर कमी आहे."

चूक कशी झाली ते इथे लिहून ठेवतो, कारण तिच्यासमोर मला धड बोलता आलं नाही. निळ्याची मादी म्हणून जुन्या ग्रंथांत जिचं चित्र आहे ती पिवळ्या पोटाची. माझा पक्षी तिच्याशी कुठेच जुळत नव्हता. शिवाय मला जंगलात दोन तपकिरी पक्षी एकत्र दिसले होते, एक दुसऱ्याला भरवत होता. मी त्यांना जोडपं समजलो आणि निबंधात लिहिलं, 'नर-मादी सारखेच.' ते जोडपं नव्हतं, आई आणि मोठं झालेलं पिल्लू होतं. आणि ग्रंथातली ती पिवळी, पाकोळी म्हणते, तिसऱ्याच कुणाची आहे. म्हणजे शंभरएक वर्षं त्या निळ्याच्या गळ्यात दुसऱ्याची बायको बांधलेली होती आणि त्याची स्वतःची माझ्याकडे वेगळ्या नावाने राहत होती.

हे लिहिताना हसू येतंय. दुपारी आलं नव्हतं.

८ फेब्रुवारी, शनिवार

हिला अजून सांगितलेलं नाही.

ही दातांची डॉक्टर. खाली दवाखाना, वर घर. दात कोरून पोट भरत नाही असं लोक म्हणतात. आमच्या घरात मात्र लेकीच्या शिक्षणासकट सगळ्यांचं त्यावरच भरलं. संग्रहालयाच्या पगारात माझ्या दुर्बिणी आणि जंगलाच्या खेपा निघायच्या. ही कधी त्यावरून बोलली नाही.

दवाखान्याच्या बाहेरच्या खोलीत तपकिरी माशीमाराचं चित्र टांगलेलं आहे, निबंधासाठी काढून घेतलेलं. दाढ धरून बसलेल्या माणसाला बघायला दुसरं काही नसतं, त्यामुळे सगळे तेच बघतात. आज मी वर्तमानपत्र घ्यायला खाली गेलो तर एक आजोबा हिला विचारत होते, "हा कुठला हो पक्षी?"

"माझ्या नावाचा आहे," ही म्हणाली. "मी पाहिला नाहीये अजून. तोंड उघडा."

हे ती सगळ्यांना सांगते, आणि नेहमी हसून सांगते. मी वर्तमानपत्र घेऊन वर आलो. ते वाचलं नाही.

१२ फेब्रुवारी, बुधवार

प्रतिवाद लिहायला घेतला आहे. तीन मुद्दे आहेत. एक, तपकिरी पक्ष्याची चोच लांब आहे. दोन, तो ओढ्याच्या काठी राहतो, निळा उंचावरच्या झाडीत. तीन, निळा गातो. तपकिरी गाताना कुणी ऐकलेला नाही. लिहायला बसलो की एक मुद्दा दुसऱ्याला हात देतो आणि इमारत बरी उभी राहते. उठलो की पडते. मादी गात नसेल तर त्यात नवल काय, हे मलाही कळतं. पण बसलेला असताना कळत नाही.

दुपारी संचालक जिन्यात भेटले. माझ्यानंतर दोन वर्षांनी संग्रहालयात लागले आणि माझ्यापेक्षा बरंच वर गेले. त्यांच्या कानावर आलेलं होतं. "एवढं काय मनावर घेता?" ते म्हणाले. "पक्षीसूचीच्या समितीवर तुम्हीच तर आहात. 'अधिक अभ्यासाची गरज आहे' एवढं म्हणा, विषय पुढच्या बैठकीवर जातो. पुढची बैठक कधी होते, कोणी बघितलंय?"

"आणि पाकोळीचं काम?"

"ती तरुण आहे. ती थांबेल."

त्यांनी हे मायेने सांगितलं, आणि ते मला पटलं, हे लिहून ठेवतो. दरवाजापर्यंत पटलेलं होतं. मग समोरून पाकोळी आली आणि मी उगाचच बुटाचा बंद बांधायला वाकलो. माझ्या बुटांना बंद नाहीत.

ज्याने नाव ठेवलं त्यालाच आता लोक नावं ठेवणार. भाषेने आधीच सगळं करून ठेवलंय.

१४ फेब्रुवारी

हिने गुडघ्यांचे व्यायाम सुरू केलेत. संध्याकाळी दवाखाना बंद झाला की जिना चढते, उतरते, पुन्हा चढते. मी विचारलं तर म्हणाली, "रक्तातली साखर." बरं आहे. या वयात काहीतरी करायलाच हवं.

पाकोळीची दाढ दुखते आहे. मीच तिला बुधवारी हिच्याकडे पाठवलं. भलं करतोय असं वाटत होतंच, पण खरं सांगायचं तर हिशोबही होता. पाकोळी उद्या-परवा कुठेतरी हिला भेटणार आणि बोलून जाणार. त्यापेक्षा खुर्चीत भेटलेली बरी. तोंडात यंत्र असलेला माणूस काही सांगू शकत नाही.

१९ फेब्रुवारी, बुधवार

पाकोळीच्या रूट कॅनॉलची दुसरी खेप झाली. हिला सहज विचारलं, "काय म्हणत होती?" ही म्हणाली, "आ."

रात्री जेवताना हिने मात्र अचानक विचारलं, "पक्ष्याला एकदा नाव दिलं की ते कायमचं असतं का रे?"

कुणी पेशंटने विचारलं असणार. मी शक्य तितक्या सहजपणे सांगितलं, "एकाच पक्ष्याला दोघांनी दोन नावं दिली असतील, तर आधीचं टिकतं."

"आणि नंतरचं?"

"ते खाली जातं."

"खाली म्हणजे कुठे?"

"पहिल्याच्या खाली लिहितात. बारीक अक्षरात. समानार्थी म्हणून."

"समानार्थी शब्द लिहा. दोन गुण," ही म्हणाली.

"पुसून नाही टाकत," मी म्हटलं. "ते नाव पुन्हा कुणाला देता येत नाही, पण यादीत कायम राहतं."

"बारीक अक्षरात, कुणाच्या तरी खाली." तिने पाव तोडला. "चालतं. सवय असते बायकांना."

मीही हसलो. विषय तिथेच संपला. थोडक्यात वाचलो.

२४ फेब्रुवारी, सोमवार

आज विभागात कुणी नव्हतं. मी ट्रे काढले आणि चोची मोजायला व्हर्निअर घेऊन बसलो.

तीस वर्षांपूर्वी माझी मोजमापं बिनचूक होती. तपकिरी पक्ष्यांची चोच निळ्यांपेक्षा खरंच लांब आहे. पण त्या जातकुळीतल्या बाकीच्या माशीमारांचेही नर-मादी काढून मोजले, तर तेवढाच फरक. माद्यांची चोच तेवढीच लांब असते. म्हणजे मी दोन जातींमधला म्हणून जो फरक दाखवला तो नवरा-बायकोमधला होता. हे मला तेव्हाही करता आलं असतं असं नाही. तेव्हा आमच्याकडे बाकीच्यांच्या माद्या पुरेशा नव्हत्याच. मुद्दाम मारून आणाव्यात असं कुणालाही वाटलं नाही, मलाही नाही, आणि ते बरंच झालं.

बराच वेळ लाल चिठ्ठीवाला पक्षी हातावर घेऊन बसलो. वजन म्हणून नाहीच. डांबराच्या गोळ्यांचा वास. मला वाटत होतं की आता तो परका दिसेल, किंवा फसवल्यासारखा. तसं काही झालं नाही. पोटावरचा तो उबदार गंजासारखा रंग, गळ्याशी थोडा फिका. मी त्याला 'तो' म्हणतोय अजून. ती.

प्रतिवादाचे कागद फाडले. पाकोळीला फोन केला आणि म्हटलं, "आपण दोघं मिळून लिहू. मी दिलेलं नाव मीच खाली घेतो. दुसऱ्या कुणी घेण्यापेक्षा ते बरं."

ती म्हणाली, "सर, एक अडचण आहे. डीएनए काहीही सांगो, निळा आणि तपकिरी एका घरट्यावर कुणी पाहिलेले नाहीत. ते पाहिलं की मग कुणाला शंका राहणार नाही. एप्रिलमध्ये घरटी असतात."

"मग जाऊ."

"तुम्ही याल?"

"न यायला काय झालं? माझ्या गुडघ्यांना काही झालेलं नाही."

आता फक्त हिला सांगायचं राहिलं. डीएनए त्यापेक्षा सोपा होता.

२ मार्च, रविवार

सांगितलं.

सकाळी चहा झाल्यावर हिला म्हटलं, "बस जरा. एक बोलायचंय."

"बसते. तूही बस. उभ्या उभ्या सांगण्यासारखं असतं तर मागच्याच महिन्यात सांगितलं असतंस."

मी बसलो. मनात जुळवलेलं सगळं विसरून गेलो आणि एकदम म्हणालो, "तुझा पक्षी राहिला नाही."

"मेला?"

"नाही, पक्षी आहे. पण ती वेगळी जात नाही. निळ्या माशीमाराची मादी आहे ती."

"माहीत आहे," ही म्हणाली.

मग कळलं. पहिल्याच खेपेला, दाढ बधिर केलेली असताना, पाकोळीच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. हिने विचारलं, अजून दुखतंय का? तर म्हणे दात नाही दुखत, सरांचं वाईट वाटतंय. हिने तिच्या तोंडातला कापूस काढला आणि सगळं ऐकून घेतलं. म्हणजे मी जिला बोलता येऊ नये म्हणून खुर्चीत बसवलं ती तिथेच बोलली.

"मग तू मला बोलली का नाहीस?"

"तू कधी सांगतोस ते बघत होते." तिने कप बाजूला सारला. "त्या निळ्याचं नाव कुणावरून आहे?"

"एका जहाजाच्या कप्तानावरून. त्याचा काही संबंध नाही. नमुन्यांची पेटी त्याच्या जहाजातून गेली, एवढंच."

"त्याने पक्षी पाहिला होता?"

"कुठला. तो बंदराच्या पुढे गेलाच नाही."

"म्हणजे आमचं दोघांचं सारखंच." ही खिडकीकडे वळली. "आणि मी स्वतंत्र अशी कुणी नव्हतेच तर. कुणाची तरी बायको निघाले."

"शास्त्रीय दृष्ट्या, हो," मी म्हटलं.

तिने माझ्याकडे पाहिलं. पेशंटने ब्रश करतो म्हणून शपथेवर सांगितलं की जसं पाहते तसं. मग म्हणाली, "तुझ्या निबंधातलं एक वाक्य मला फार आवडायचं. नर-मादी सारखेच."

"नेमकं तेच चुकलं."

"हं. वाटलंच होतं."

आणि ती कप विसळायला उठली.

फारच समजूतदारपणे घेतलं हिने. मी उगाच महिनाभर स्वतःच्या तोंडचं पाणी पळवून घेतलं.

३ मार्च

लेकीचा फोन. "बाबा, कसे आहात?" हे इतक्या मऊ आवाजात विचारलं की तिलाही माहीत आहे हे लगेच कळलं. म्हणजे पाकोळी, ही, लेक, संचालक, सगळ्यांना माहीत, आणि मी एकटा महिनाभर गुपित सांभाळत घरात चवड्यांवर चालत होतो. रागावणार कुणावर? आपलेच दात, आपलेच ओठ.

लेकीने विचारलं, "आई काय म्हणाली?"

"काही नाही. हसली."

"बाबा," ती म्हणाली, आणि मग म्हणाली, "बरं, ठेवते."

१५ मार्च, शनिवार

एप्रिलच्या खेपेची तयारी. मी टेबलावर नकाशा पसरला होता. ही वरून वाकली आणि म्हणाली, "ओढा विश्रामगृहापासून किती लांब आहे?"

"चालत तासभर. का?"

"मी येणार आहे."

मला वाटलं गंमत करते आहे. मी म्हटलं, वाट चढाची आहे. ही म्हणाली, महिनाभर जिना चढते आहे. मी म्हटलं, बूट लागतात. हिने कपाटातून बूट काढून दाखवले. ते नवे नव्हते. वापरून मऊ केलेले होते. मी म्हटलं, दवाखान्याचं काय? म्हणाली, दहा दिवस बंद, दारावर पाटी लागेल. मग मी म्हटलं की तिथे संडास बाहेर आहे आणि आंघोळीला गरम पाणी नसतं. ती बुटांचे बंद ओढून बघत होती.

मग म्हणाली, "तू किती वेळा गेलास तिथे?"

"मोजलं नाही. बऱ्याचदा."

"त्यातल्या किती वेळा मला विचारलंस?"

"तू दवाखान्यात असायचीस."

"असायचे. तू जंगलात असायचास म्हणून असायचे."

हे तिने रागाने म्हटलं नाही. दाढ किडली आहे हे जसं सांगते तसं सांगितलं. याला उत्तर म्हणून मी जळवांचा विषय काढला. ही म्हणाली, "लोकांच्या हिरड्यांतलं रक्त बघण्यात माझी सगळी हयात गेली आहे," आणि नकाशा स्वतःकडे वळवून घेतला.

आज उशिरापर्यंत तेच वाक्य डोक्यात आहे. माझ्या नावाचा आहे, मी पाहिला नाहीये अजून. मी ते इतक्या वेळा ऐकलं होतं. मला वाटायचं ती पेशंटना हसवण्यासाठी म्हणते.

८ एप्रिल, मंगळवार. विश्रामगृह

पोचलो. बस खाली गावापर्यंतच. पुढे सामान पाठीवर. पाकोळी आधीच येऊन राहिली आहे आणि तिने ओढ्याच्या वळणावर घरटं शोधून ठेवलं आहे: काठाच्या मातीत, एका कुजक्या खोडाच्या खोबणीत, शेवाळाची वाटी. आत पिल्लं आहेत.

मला चढावर तीनदा बसावं लागलं. ही एकदाच बसली, आणि तेही मला सोबत म्हणून.

९ एप्रिल

पाहिलं. इतकं सहज, की तीस वर्षं हे कसं दिसलं नाही असं वाटावं. दिसलं नाही कारण मला या ओढ्यावर घरटं कधी मिळालंच नाही. भरवताना पाहिलं ती पावसाळ्यातली एक खेप सोडली, तर मी नेहमी सुट्टी जुळेल तेव्हा, म्हणजे हिवाळ्यात यायचो. तेव्हा निळे उंचावर जातात आणि माद्या इथे ओढ्याशी राहतात. मी दोन ऋतूंना दोन जाती समजलो.

तिघं मोठ्या पानांच्या आडोशाला बसलो होतो. आधी तपकिरी आली, चोचीत कसलीतरी हिरवी अळी. भरवून गेली. मग फांदीवर निळा येऊन बसला. दुर्बिणीत तो रंग अंगावर येतो. त्याच्याही चोचीत काहीतरी होतं. तपकिरी परत आली, दोघं एकाच फांदीवर, वीतभर अंतरावर. त्याने आणलेलं तिने घेतलं आणि पिल्लांना दिलं. पाकोळीचा कॅमेरा चालू होता. ती पुटपुटली, "झालं, सर." आणि माझा हात दाबला.

झालं. माझ्या जातीचा शेवट मी स्वतः पाहिला, आणि मला भूक लागली होती एवढंच आठवतं. वाईट वाटेल म्हणून मी तयारी करून आलो होतो. ती तशीच पडून राहिली.

हिच्याकडे पाहिलं. ती दुर्बीण खाली घ्यायला तयारच नव्हती. मी हळूच म्हटलं, "दिसली ना?"

"तू बोलू नकोस," ही म्हणाली.

११ एप्रिल

आम्ही वेळा वाटून घेतल्या आहेत. कोण किती वेळा भरवतं याची नोंद हवी आहे. मला दीड तासानंतर पाठ धरते. पाकोळीला जागेवर बसवत नाही. हिला चार तास बसवतं. म्हणते, "आयुष्यभर वाकून छोट्या भोकात बघत आले. इथे निदान कुणी ओरडत नाही."

आज दुपारी ती म्हणाली, "ती गप्प नसते रे. सारखी बोलते. निळा जवळ आला की जास्त. दातांतल्या दातांत बोलल्यासारखं, बारीक."

माझ्या निबंधात लिहिलेलं आहे: 'अबोल.' मी कान देऊन बसलो. ओढा ऐकू येत होता, पानं ऐकू येत होती. "आत्ता," ही म्हणायची. "आत्ता पुन्हा." मला काहीच ऐकू आलं नाही. पाकोळीने ध्वनिमुद्रण केलं आणि संध्याकाळी पडद्यावर दाखवलं. उंच स्वराच्या जागी बारीक रेघा, एकामागून एक, तासभर. माझ्या कानांची तिथवर पोच आता नाही. पाकोळी समजूत घालत म्हणाली की वयाने आधी तेच स्वर जातात. मी म्हटलं, निबंध लिहिला तेव्हा मी छत्तीस वर्षांचा होतो.

हिने माझ्या ताटात अंडं वाढलं.

१३ एप्रिल

निबंधाचा कच्चा खर्डा व्हरांड्यात बसून तिघांनी वाचला. शीर्षकात निळ्याचं नाव, खाली बारीक अक्षरात माझं दिलेलं, बरोबरच्या चिन्हापुढे. स्पेलिंग दोनदा तपासलं.

पाकोळी म्हणाली, "सर, घरट्यावरचे निम्म्याहून जास्त तास बाईंचे आहेत. आवाजाची नोंद तर संपूर्ण त्यांचीच. लेखकांत त्यांचं नाव यायला हवं."

मलाही ते एकदम पटलं. इतकं पटलं की आपल्याला कसं सुचलं नाही याची लाज वाटली. मी हिच्याकडे वळून म्हटलं, "म्हणजे बघ, पक्ष्यावरून गेलं, तरी निबंधावर येतं. उलट हे जास्त..."

"नको," ही म्हणाली.

"अगं, नियमाने तुझा हक्क आहे."

"असेल. मला नाव पुरे झालं." ती बुटांतली माती काडीने काढत होती. "पिल्लं एक-दोन दिवसांत उडतील, असं पाकोळी म्हणते. पहाटेची वेळ माझी राहू दे. आणि पुढच्या वर्षी एप्रिलमध्ये पेशंट घेणार नाही. तुला यायचं असेल तर ये."

पाकोळी हसू लपवत कागद गोळा करायला लागली. मी विचार करून म्हटलं, "येईन."

"विचार करून सांग," ही म्हणाली. "घाई नाही."

१४ एप्रिल, सोमवार

उजाडायच्या आधी जाग आली तेव्हा शेजारची खाट रिकामी होती. बूट नव्हते, दुर्बीण नव्हती. पाकोळी झोपलेली होती. म्हणजे ही एकटीच गेली होती, त्या वाटेने, अंधारात.

मी निघालो. वाटेत एका ठिकाणी घसरलो, पण लागलं नाही. तिच्या बुटांचे ठसे ओल्या मातीत स्पष्ट दिसत होते. टाच खोल, पाऊल नीट पडलेलं. ओढ्याच्या वळणाशी पोचलो तेव्हा नुकतं दिसायला लागलं होतं. ती स्टुलावर बसलेली होती, पाठमोरी, कोपर गुडघ्यांवर, दुर्बीण डोळ्यांना. अंगावर माझा जुना कोट.

पायाखाली काटकी मोडली. तिने मागे न बघता हात वर केला. थांब, असा.

मी हाक मारणार होतो, ती मारली नाही. होतो तिथेच उभा राहिलो. थोड्या वेळाने तिचे खांदे एकदम सैल झाले, मग पुन्हा ताठ. मग दुर्बीण हळूहळू वर गेली, कशाच्या तरी मागे, फांदीवरून फांदीवर, आणि थांबली. घरट्यातून कुणीतरी निघालं असावं.

मी होतो तिथून घरटं दिसत नव्हतं. ही दिसत होती.